मोर्गोंची लापिएर वायनरी : एका घराची पन्नास वर्षे

द्राक्ष बागायतदारांच्या स्मरणिकेत फ्रान्समधल्या एका कुटुंबाचा इतिहास कशाला, असे कुणीही विचारील. त्याचे उत्तर बोर्डो मिश्रणापासून द्यावे लागते. मोरचूद आणि चुन्याचे हे निळे पाणी प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये केवड्यावरचा उपाय म्हणून जगापुढे ठेवले. आजही चार दिवस आभाळ भरून राहिले की निफाडपासून तासगावपर्यंत त्याचीच आठवण होते. आपल्या बागा डॉगरिजच्या खुंटावर उभ्या आहेत. तो खुंट अमेरिकी वंशाचा, पण अमेरिकी खुंटावर कलम बांधून द्राक्षशेती वाचवण्याची रीत रुजली ती फ्रान्समध्ये, फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने तिथले मळेच्या मळे वाळवून टाकल्यावर. म्हणजे रोग, औषध, खुंट, कलम या बाबतीत आपण त्या देशाचे जुने देणेकरी आहोत. त्याच देशातल्या एका घराने रासायनिक औषधांचे डबे गोठ्याबाहेर काढले आणि तरीही पन्नास वर्षे मळा आणि वायनरी चालवली. हा हिशेब आपल्यासमोर यायला हरकत नाही.

या घराचे नाव लापिएर. गाव व्हिलिए-मोर्गों. ल्यों शहराच्या उत्तरेला, सोन नदीच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर बोजोले नावाचा द्राक्षांचा प्रदेश पसरला आहे. त्यात दहा गावांची किंवा शिवारांची वाइन वरच्या प्रतीची मानली जाते, आणि मोर्गों हे त्या दहांतले एक. मोर्गोंच्या नावाने वाइन विकता येईल असे क्षेत्र सगळे मिळून सुमारे ११०० हेक्टर आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या द्राक्षक्षेत्रापुढे ते काहीच नाही. लापिएरांचा मळा त्यातला एक लहानसा तुकडा.

जमीन बरीचशी ग्रॅनाइट कुजून झालेली. कोत द्यु पी ही तिथली नावाजलेली टेकडी. तिचा खडक हाताने चुरडता येतो इतका जीर्ण झाला आहे, आणि तिथले लोक त्याला सडका दगडच म्हणतात. आपण मुरमाड म्हणतो तशी ही जमीन. पाणी धरत नाही, वेलाला लाडावत नाही, आणि म्हणूनच वाइनच्या द्राक्षाला चांगली.

द्राक्षाची जात एकच : गामे. काळ्या सालीची, पांढऱ्या रसाची, लवकर पिकणारी. तिचा पूर्वेतिहास फारसा मानाचा नाही. १३९५ मध्ये बर्गंडीचा सरदार फिलिप याने फर्मान काढून ही जात आपल्या मुलखातून उपटून टाकायला लावली होती. उत्पन्न भरपूर पण वाइन हलकी, असा तिच्यावर आरोप. बर्गंडीतून हाकलली गेलेली ही जात दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटवर टिकली आणि तिथे तिने आपली लायकी दाखवली. जातीचा दोष किती आणि जमिनीचा किती, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आपल्याकडेही तो रोज चालतो, फक्त नावे थॉमसन आणि सोनाकाची असतात.

मळ्याची बांधणी आपल्याला अनोळखी वाटेल. मंडप नाही, वाय नाही, तारासुद्धा नाहीत. गुडघाभर उंचीचे बुटके खोड, त्यावर पेल्यासारखे पसरलेले चार-पाच हात, आणि असे वेल हेक्टरी १०,००० पर्यंत, म्हणजे एकरी चार हजारांच्या घरात. आपल्याकडे एकरात हजाराच्या आसपास वेल असतात. तिथे छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. खरड आणि गोडी असा दुहेरी संसार नाही, कारण थंडी वेलाला आपोआप झोपवते. उत्पन्न एकरी तीन टनांच्या आसपास. कायदाच त्याहून फार वर जाऊ देत नाही. दहा-बारा टनांची सवय असलेल्या माणसाला हे आकडे वाचून घाम फुटेल. पण त्यांच्या वेलांचे सरासरी वय साठ वर्षे आहे आणि आपली बाग पंधराव्या वर्षी म्हातारी होते, हेही त्याच हिशेबात धरायला हवे.

फिलॉक्सेराचा तडाखा या भागालाही बसला होता. शेजारच्या शिरूब्ल गावचे व्हिक्टर पुलिआ यांनी अमेरिकी खुंटावर कलमे करण्याचा प्रचार गावोगाव केला आणि मळे पुन्हा उभे राहिले. लापिएरांच्या आधीच्या पिढ्या याच पुनर्लागवडीनंतरच्या काळात मोर्गोंत राबल्या.

आता १९७३. मार्सेल लापिएर यांनी वडिलांकडून मळा हाती घेतला तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. त्या वेळचे बोजोले समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. काढणीनंतर दोन-अडीच महिन्यांत बाटलीत भरून विकायची ताजी वाइन, म्हणजे बोजोले नूव्हो, हा तिथला मोठा धंदा होत चालला होता. १९५१ पासून तिला लवकर विक्रीची मुभा मिळाली होती. पुढे १९८५ मध्ये नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा विक्रीचा दिवस कायमचा ठरला आणि विमाने भरभरून पेट्या जगभर जाऊ लागल्या. दिवाळीत माल बाजारात नेणाऱ्या सटाणा-कळवणच्या आगाप बागांचे अर्थकारण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याची गोडी समजावून सांगायला नको. वर्ष संपायच्या आत रोख रक्कम हातात, साठवणुकीचा खर्च नाही, व्यापारी दारात. याला नाही म्हणणे कठीण असते.

पण घाईला किंमत असते. द्राक्ष पुरते पिकायच्या आधी काढायचे, अल्कोहोल कमी पडते म्हणून रसात साखर घालायची. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर घातली की एक टक्का अल्कोहोल वाढते, इतके हे गणित सोपे आहे. मग आंबण लवकर व भरवशाने व्हावे म्हणून पाकिटातले यीस्ट टाकायचे. त्यातल्या एका लोकप्रिय प्रकाराने वाइनला पिकल्या केळ्याचा वास यायचा, आणि गिऱ्हाईक तोच बोजोलेचा वास समजू लागले. शेवटी गाळणी, गंधक, बाटली. शेतात तणनाशक आणि रासायनिक खत आधीच आले होते. डोंगरउतारावर कुदळ मारण्यापेक्षा ते कुणालाही हवेसेच वाटले असणार. मार्सेल यांनीही सुरुवात काळाच्या रीतीप्रमाणेच केली. फक्त, स्वतःची वाइन त्यांना स्वतःला आवडेना. माल खपत असताना अशी रुखरुख लागणारी माणसे थोडी.

१९८१ मध्ये त्यांची ज्यूल शोवे यांच्याशी गाठ पडली. लापिएर घराण्याच्या इतिहासात हे एक वर्ष बाकीच्या सगळ्या वर्षांपेक्षा मोठे आहे.

शोवे यांचा जन्म १९०७ चा. मोर्गोंपासून जवळच ला शापेल-द-ग्वाँशे या गावी त्यांच्या घराचा वाइनचा व्यापार होता. व्यापारी असूनही माणूस हाडाचा रसायनशास्त्रज्ञ. यीस्ट, जिवाणू, आंबण आणि वास यांच्यावर त्यांनी आयुष्यभर प्रयोग केले. वाइन चाखणे ही शिस्तीने करायची तपासणी आहे, हे पटवून देणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्यांचे नाव घेतले जाते. आज जगभरात ‘नैसर्गिक वाइन’ या नावाखाली जो गलबला चालतो, त्यातल्या अनेकांना वाटते की ही विज्ञानाला कंटाळलेल्या लोकांची चळवळ आहे. तिच्या मुळाशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला एक रसायनशास्त्रज्ञ आहे, हे त्यांना सांगितले पाहिजे.

शोवे यांचे म्हणणे समजायला गंधकापासून सुरुवात करू. गंधकाचा धूर आपल्याला परका नाही. बेदाण्याच्या शेडमध्ये पिवळा रंग टिकवायला आपण गंधकाची धुरी देतो, निर्यातीच्या पेटीत द्राक्षावर जो ग्रेप गार्डचा कागद ठेवतो त्यातूनही हाच वायू सुटतो. वाइनच्या धंद्यात सल्फर डायऑक्साइड साधारण तीनदा वापरतात : द्राक्ष आत आले की, आंबण पुरे झाले की, आणि बाटली भरताना. त्याने नको ते जिवाणू मरतात आणि वाइन हवेने बिघडत नाही. शोवे यांचा आक्षेप पहिल्या मात्रेवर होता. द्राक्षाच्या सालीवर आणि तळघरात जे यीस्ट आपोआप असते, तेही त्या मात्रेत मरते किंवा लुळे पडते. मग पाकिटातले यीस्ट आणावे लागते, त्या यीस्टला खाद्य द्यावे लागते, आणि एकदा ही साखळी सुरू झाली की प्रत्येक दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीला जन्म देते. पहिली मात्रा टाळायची तर सालीवर यीस्ट जिवंत आणि भरपूर हवे. ते हवे तर सालीवर बुरशीनाशकांचे थर चालणार नाहीत. तसे थर नकोत तर माती आणि वेल धडधाकट हवेत. म्हणजे सेंद्रिय शेतीचा आग्रह इथे तळघरातून निघून मळ्यात गेला. आपल्याकडे सेंद्रियची चर्चा बहुधा आरोग्य आणि बाजारभाव यांपासून सुरू होते. लापिएरांकडे ती यीस्टपासून सुरू झाली, आणि मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. कारण त्यामुळे शेतात काय फवारले याचा जाब प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याच्या आधी हौदातला रसच विचारतो.

मार्सेल यांनी तणनाशके आणि रासायनिक कीटकनाशके बंद केली, साखर घालणे बंद केले, पाकिटातले यीस्ट बंद केले, गाळणे बंद केले. गंधक एकतर अजिबात नाही किंवा बाटली भरताना चिमूटभर. ही यादी वाचायला सोपी आहे. या प्रत्येक ‘बंद’च्या मागे वाढलेली मजुरी आहे. तण हटवायचे तर जमीन उकरावी लागते. साखर घालायची नाही तर द्राक्ष शेवटच्या दिवसापर्यंत वेलावर ठेवावे लागते, आणि सप्टेंबरचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो. गंधक नाही म्हटल्यावर एक सडका घडही हौदात जाऊन चालत नाही. म्हणून काढणीच्या टोळीला प्रत्येक घड उलटापालटा करून पाहावा लागतो, खराब मणी कातरून टाकावे लागतात. निर्यातीचा माल भरताना आपल्या बायका पॅकहाउसमध्ये कात्रीने जे करतात तेच. फरक इतकाच की आपण ते दिसण्यासाठी करतो आणि ते जिवाणू आत जाऊ नयेत म्हणून करतात.

हौदातली पद्धतही सांगायला हवी, कारण तिचा एक धागा खाण्याच्या द्राक्षांपर्यंत येतो. १९३४ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या नारबोन इथे मिशेल फ्लाँझी हे शास्त्रज्ञ ताजी द्राक्षे कार्बन डायऑक्साइडमध्ये जास्त दिवस टिकतात का, हे पाहत होते. द्राक्षे टिकली नाहीत. मणी न फुटताच आतल्या आत आंबू लागले आणि चवीला वेगळे, फसफसते झाले. शीतगृहाचा प्रयोग फसला, पण त्यातून वाइनच्या एका पद्धतीचे शास्त्र हाती लागले. बोजोलेत तिचे रांगडे रूप पूर्वीपासून होतेच : घड देठासकट, न चिरडता हौदात रचायचे. तळाचे मणी वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबू लागतो, त्यातून निघालेला वायू हौद भरून टाकतो, आणि वरच्या अख्ख्या मण्यांच्या आत यीस्टशिवायच थोडे अल्कोहोल तयार होते. जेमतेम दोन टक्के. मॅलिक आम्ल बरेच कमी होते, फळाचा वास सुटतो, सालीचा तुरटपणा मर्यादेत राहतो.

लापिएरांकडे घड थंड करून हौदात जातात आणि दहा ते वीस दिवस राहतात. नंतर दाबणी. मग वाइन जुन्या लाकडी पिंपांत, तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावर, नऊ महिने. पिंपे तीन ते तेरा वर्षे वापरलेली असतात. नव्या लाकडाचा वास त्यांना नको असतो. या सगळ्या काळात नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे : यीस्ट किती, जिवाणू कोणते, कशाची वाढ चालली आहे. दुर्लक्ष झाले तर हौदभर वाइनचा शिरका होतो आणि वर्षाचे उत्पन्न जाते. औषध टाकून झोपी जाण्याची सोय या पद्धतीत नाही.

हे एकट्याने झाले नाही, हेही तितकेच खरे. शोवे यांचे शिष्य झाक नेओपोर यांनी गुरूचे शास्त्र मळ्यामळ्यांत नेऊन पोचवले. आणि मोर्गोंतच झाँ फोयार, झाँ-पॉल तेव्हने आणि गी ब्रतों हे तिघे शेजारी मार्सेल यांच्या वाटेने चालू लागले. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे वाइन व्यापारी कर्मिट लिंच यांनी या चौघांना थट्टेने ‘चौकडी’ म्हटले. माओच्या काळातल्या चीनमधल्या चौघांच्या टोळीवरून हे नाव आले. ते अमेरिकेत चिकटले आणि माल विकायला उपयोगी पडले. चौघांचे मळे वेगळे, लेबले वेगळी, हिशेब वेगळे. सहकारी संस्था त्यांनी काढली नाही. पण शेजारी शेतकरी त्याच पद्धतीने काम करतो आहे, त्याचा हौद बिघडला तर आपल्याला कारण कळेल आणि आपला बिघडला तर त्याला, या एका गोष्टीने चौघांनाही धीर दिला असणार. सेंद्रियाचा प्रयोग करणारा आपला शेतकरी बहुधा गावात एकटा असतो. त्याच्या बांधापलीकडून फवारा उडून येतो आणि पारावर त्याची चेष्टा होते. शंभर एकरांच्या गावात चार जण बरोबर असते तर चित्र वेगळे दिसले असते असे मला वाटते.

१९८९ मध्ये शोवे वारले. तोवर पॅरिसच्या लहान खानावळींत आणि वाइनच्या दुकानांत लापिएरांची बाटली पोचली होती. जुरा भागातले पिएर ओव्हरन्वा यांच्यासारखे दूरचे उत्पादकही शोवे यांच्या विचाराने काम करू लागले होते. दर १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, लापिएरांच्या अंगणात देशभरच्या अशा उत्पादकांचा मोठा मेळा भरू लागला. पुढे २००५ मध्ये नैसर्गिक वाइन करणाऱ्यांची संघटना उभी राहिली, तिच्या स्थापनेतही मार्सेल होते.

तिकडे ताज्या वाइनचा बाजार फुगत फुगत एका टोकाला आला. २००१ च्या हंगामानंतर बोजोलेत सुमारे ११ लाख पेट्या वाइन न खपल्यामुळे नष्ट करावी लागली किंवा ऊर्ध्वपातनासाठी द्यावी लागली. भाव कोसळले, मळे उपटले गेले, तरुण गाव सोडून गेले. लहान उत्पादन, ठरलेले गिऱ्हाईक आणि स्वतःच्या नावाची बाटली असलेली घरे या पडझडीत तग धरून राहिली. यावरून लगेच ‘लहान तेच चांगले’ असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. बोजोलेत असंख्य लहान शेतकरी याच पडझडीत संपले. त्यांच्याकडे व्यापाऱ्याशिवाय दुसरा विकत घेणारा नव्हता. लापिएरांना वाचवले ते बाटलीवरच्या स्वतःच्या नावाने आणि त्या नावामागच्या वीस वर्षांच्या कामाने.

दोन शब्द वाइनबद्दल. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात बाटली येत नाही, येऊही नये असे त्यांना वाटते, आणि त्यात मला काही बोलायचे नाही. तरी चवीची नोंद इतिहासात असावी. जाणकार सांगतात ते असे : रंग फिका लालसर, वास लाल फळांचा, अंग हलके, पण मोर्गोंच्या जमिनीमुळे चार-सहा वर्षे सहज टिकणारी. गाळलेली नसल्यामुळे तळाशी गाळ दिसतो. एका हंगामाची बाटली दुसऱ्यासारखी नसते. याला कुणी गुण म्हणतील, कुणी बेभरवसा. गंधक न घातलेली बाटली उन्हात किंवा गरम गोदामात राहिली तर बिघडते, तिला चौदा अंशांच्या खालचे तळघर लागते. एप्रिलमध्ये नाशिक-सांगलीच्या रस्त्यावर ट्रकमधून ती धडपणे पोचणार नाही. म्हणूनच लापिएरांची मोर्गों दोन प्रकारांत निघते : एक बिनगंधकाची, दुसरी बाटली भरताना अगदी थोडे गंधक घातलेली. लेबलावर एका बारीक अक्षराने कोणती कुठली ते कळते. आपल्या मताचा आग्रह धरणाऱ्या माणसाने दूरच्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेली ही दुसरी बाटली मला त्यांच्या सगळ्या निर्णयांत शहाणपणाची वाटते.

ऑक्टोबर २०१० मध्ये, त्या वर्षीची काढणी आटोपत असताना, मार्सेल वारले. वय साठ. त्याच वर्षी वसंतात इकडे आपली द्राक्षे क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याच्या अंशांमुळे युरोपच्या बंदरांत अडकली होती आणि कित्येक घरांचे वर्ष बुडाले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण युरोपचे गिऱ्हाईक द्राक्षाच्या सालीवर काय आहे हे विचारू लागले होते, आणि मोर्गोंतल्या एका माणसाने तोच प्रश्न तीस वर्षे आधी स्वतःला विचारला होता, एवढे नोंदवून ठेवतो.

मार्सेल यांच्या पश्चात वायनरी त्यांची पत्नी मारी आणि मुले माथिए व कामिय यांनी सांभाळली. माथिए आधी स्वयंपाकी होते. वडिलांच्या हयातीतच ते घरी परतून त्यांच्या हाताखाली तयार झाले. बहीण नंतर येऊन मिळाली. पन्नास वर्षांच्या इतिहासात एका पिढीकडून दुसरीकडे वायनरी जाण्याचा प्रसंग आला तो हाच, आणि तो फारसा गाजावाजा न होता पार पडला. वाइनची पद्धत मुलांनी बदलली नाही. मळ्यात मात्र त्यांनी बायोडायनॅमिक पद्धतीचे काही प्रयोग आणले. गायीच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरायचे आणि ग्रहनक्षत्रांची वेळ पाळायची, हे आपल्याकडेही काही बागांत चालते. शोवे यांच्या सूक्ष्मदर्शकाशी याचा मेळ कसा बसतो हे मला अजून पटलेले नाही. पण मळा त्यांचा आहे.

कायदाही हळूहळू या घराच्या मागून आला. युरोपीय संघात २०१२ पर्यंत ‘सेंद्रिय वाइन’ असे म्हणताच येत नव्हते. ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच छापता येई, कारण तळघरात काय चालते याचे नियम नव्हते. त्या वर्षी नियम झाले. सेंद्रिय लाल वाइनमध्ये सल्फर डायऑक्साइड लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत, इतर लाल वाइनमध्ये १५० पर्यंत. २०१९ पासून तांब्यावरही मर्यादा आली : हेक्टरी सात वर्षांत २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार. सेंद्रिय म्हणजे बोर्डो मिश्रण हवे तितके मारा, असा समज आपल्याकडे काही जणांचा आहे. तांबे मातीतून जात नाही हे त्यांनी ध्यानात घ्यावे. २०२० मध्ये फ्रान्समध्ये नैसर्गिक पद्धतीच्या वाइनला अधिकृत मान्यतेचे चिन्ह मिळाले. अटी अशा : द्राक्ष सेंद्रिय प्रमाणित हवे, हाताने काढलेले हवे, यीस्ट बाहेरचे नको. आणि चिन्हे दोन, एक गंधक न घातलेल्या वाइनचे, दुसरे लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असलेल्या वाइनचे. लापिएरांच्या दोन लेबलांची ही जवळजवळ सरकारी प्रतच म्हणायची.

हवामानाने मात्र कुणालाच सवलत दिलेली नाही. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत बोजोलेची काढणी ऑगस्टच्या मध्यालाच सुरू झाली. पूर्वी ती सप्टेंबरात व्हायची. आता ऑगस्टची काढणी कुणाला नवलाची वाटत नाही. २०१६ आणि २०१७ च्या गारपिटींनी मोर्गों आणि शेजारच्या गावांतले मळे झोडपले. २०१४ ची गारपीट ज्यांनी निफाड, दिंडोरीत पाहिली त्यांना त्या मळ्यांचे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. द्राक्ष जास्त तापले की त्यात साखर वाढते, आम्ल घटते, आणि आम्ल घटले की बिनगंधकाची वाइन राखणे आणखी अवघड होते. पुढच्या पन्नास वर्षांत या घराची खरी परीक्षा इथे आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क झाले, आणि नाशिक, पुणे, सांगली जिल्ह्यांत लहान-मोठ्या वायनऱ्या उभ्या राहिल्या. काही चालल्या, काही कर्जात बुडाल्या, काहींच्या टाक्या अजून रिकाम्या उभ्या आहेत. मोर्गोंची नक्कल इथे उतरणार नाही; आपली थंडी वेगळी, छाटणी वेगळी, काढणी फेब्रुवारी-मार्चमधली आणि तळघर एप्रिलमध्ये तापणारे. आपला अनुभव आपल्यालाच लिहावा लागेल. ज्या बागायतदारांनी वाइनच्या जाती लावल्या आणि नंतर काढून टाकल्या, ज्यांनी घरच्या घरी वायनरी काढली, ज्यांनी दोन-चार एकरांवर बिनरासायनिक द्राक्ष करून पाहिले आणि सोडले किंवा टिकवले, त्यांच्याकडे छाटणीच्या तारखा, फवारणीच्या वह्या, कारखान्यांशी केलेले करार आणि विक्रीच्या पावत्या असतील. त्या रद्दीत घालू नयेत. पुढच्या स्मरणिकेसाठी त्यांच्या प्रती संपादकांकडे पाठवाव्यात. नफ्याच्या तशाच तोट्याच्याही.